बारा व्होल्टचा वाद

शैलाताई, सकाळी बॅटरीच्या दुकानातून फोन आला होता. "मैडम, दोनों आ गई हैं. बताइए, कौन सी रखूँ?" त्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. आपण दोघी त्याच्या काउंटरसमोर अशा हमरीतुमरीवर आलो होतो की कंटाळून त्यानं दोन्ही बॅटऱ्या मागवल्या आणि म्हणाला, तोवर घरी जाऊन ठरवा. "उद्या सांगते," एवढंच म्हणून मी फोन ठेवला. तुम्ही गेलात हे सांगितलं नाही. मग स्वयंपाकघरात आले, गॅस बारीक केला आणि सवयीनं तुम्हाला फोन लावायला घेतला, की अहो, बॅटरी आली आहे, आता तरी हट्ट सोडता का?

नंबरावर बोट ठेवल्यावर लक्षात आलं. म्हणून हे लिहायला बसले आहे. वाद अर्ध्यावर राहिला आहे, आणि अर्धा वाद एकटीनं सांभाळायची मला सवय नाही.

लोकांना आपलं नातं सांगताना मी अडखळायचे. माझ्या निखिलची सासू, म्हणजे माझी विहीण. विहीण म्हटलं की लोकांना मानपान, रुसवेफुगवे आणि गोड आवाजातलं कुजकट बोलणं आठवतं. आपल्यात तसलं काही झालं नाही. खरं सांगायचं तर आपल्यात काहीच झालं नाही. कितीतरी वर्षं आपण एकमेकींशी नुसत्या चांगल्या वागलो. तुम्ही तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, मी इथे अवधपुरीत. सणावारी येणं-जाणं, फराळाचे डबे, साडीला साडी. तुमच्या उज्जैनच्या मराठीला मी मनातल्या मनात हसायचे, आणि माझ्या पुणेरी 'बरं का'ला तुम्ही हसायचात हे मला फार उशिरा कळलं. सचिवालयातून निवृत्त झाल्यावर तुम्ही आमच्याच मागच्या गल्लीत फ्लॅट घेतलात, तरी बोलणं तेच. मुलांचा फोन आला होता का? आला होता. काय म्हणत होती? ठीक आहेत. पुढे निखिल-मुग्धा नेदरलँडला गेले आणि आपला तो एक विषयही पातळ झाला.

जाताना निखिल आमच्याकडे दोन मोठी खोकी ठेवून गेला. "आई, टेलिस्कोप आहे. मोटरवाला आहे, आपोआप तारे शोधतो. तिकडे नुसते ढग असतात म्हणे. तुम्ही वापरा, नाहीतर पडू दे." यांनी ती खोकी दिवाणाखाली सरकवली आणि वर्तमानपत्र उघडलं. तिथेच ती पडून राहिली असती.

दिवाळीत तुम्ही फराळाचा डबा परत द्यायला आलात. तुमच्या हातातून डब्याचं झाकण निसटलं, घरंगळत दिवाणाखाली गेलं. तुम्ही वाकलात आणि तिथूनच विचारलंत, "ह्या खोक्यांमध्ये काय आहे हो?" दुसऱ्या कोणीही झाकण काढलं असतं आणि चहा घेतला असता. तुम्हाला मात्र विचारल्याशिवाय राहवायचंच नाही. औषधाच्या बाटलीतला घडी घातलेला कागद शेवटपर्यंत वाचणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. गॅसवाला आला की त्याला रेग्युलेटरच्या आत काय असतं विचारायचात. मी म्हटलं, टेलिस्कोप आहे, मुलांचा. तुम्ही म्हणालात, "मुलांचा आहे तर मुलं आहेत कुठे? बघू तर."

ती दुपार आपण बैठकीच्या खोलीत जमिनीवर बसून काढली. तुम्ही इंग्रजी माहितीपुस्तक कचेरीतला मसुदा वाचावा तसं मोठ्यानं वाचत होतात आणि मी स्क्रू शोधत होते. हे एकदा डोकावून म्हणाले, "वसुधा, ते मोडलं तर निखिल ओरडेल." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "भाऊसाहेब, पहिले जोडू तर द्या. मोडायचं नंतर बघू."

संध्याकाळी गच्चीवर नेला. बुडाशी आठ पेन्सिल सेल घालायची जागा होती, ते घातले. हातातल्या रिमोटवर मी शनी निवडला, बटण दाबलं, आणि तो नळकांड्यासारखा प्राणी घर्र आवाज करत स्वतःच वळला. तुम्ही दोन पावलं मागे सरलात. "अरे बापरे! हा तर चालायला लागला!" मग मला पुढे ढकललंत. "पहिले तुम्ही. मास्तरीण तुम्ही आहात."

मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर शनी काढला की त्याच्याभोवती रुंद, तिरकं कडं काढायचे, खडू आडवा धरून. मुलांना ते फार आवडायचं. आणि खरा शनी पाहिला तर काय? एक पिवळसर मणी, त्यातून सुई आरपार घातलेली. सध्या त्याची कडी आपल्याकडे कडेनं आहेत, म्हणून अशी रेघेसारखी दिसतात, हे मला माहीत होतं. मी बाजूला सरले. तुम्ही बराच वेळ पाहिलंत आणि म्हणालात, "तुम्ही मुलांना फार सजवलेला शनी दाखवला, विहीणबाई. हा बघा, घरच्या कपड्यांत आहे."

मी हसेपर्यंत तो नजरेतून सरकायला लागला. रिमोटचा दिवा मंद झाला, अक्षरं गेली, मोटर थांबली. सेल संपले होते. तासभर झाला असेल नसेल.

"गेला," मी म्हटलं.

"तो कुठे गेला? आपण गेलो. पृथ्वी फिरते ना? तुम्हीच तर शिकवता."

त्या संध्याकाळपासून आपल्याला विषय मिळाला. नंतर कितीतरी दिवस मुलांचा फोन आला का हे विचारायलाही आपण विसरायचो, हे मुग्धाला सांगितलं तर तिला वाईट वाटेल. पण खरं आहे. आपल्या डोक्यात एकच होतं: या यंत्राला खायला काय घालायचं?

आधी घरच्या विजेवर चालवून पाहिलं. जिन्याच्या खोलीतून वायर ओढली. तुमचा पाय वायरीत अडकला, टेलिस्कोप हलला, आणि तो स्वतःच्या समजुतीप्रमाणे चंद्र म्हणून शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दाखवायला लागला. मग तुम्ही मुग्धाचा जुना पॉवर बँक घेऊन आलात. त्यावर ठळक अक्षरांत वीस हजार लिहिलेलं. तुम्हाला वाटलं, काम झालं. पण टेलिस्कोपला हवेत बारा व्होल्ट आणि तो देणार पाच.

"वीस हजार लिहिलंय आणि पाच देतो? ही तर सरळ फसवणूक झाली."

मग मी तुम्हाला टाकीचं उदाहरण दिलं. व्होल्ट म्हणजे टाकी किती उंचावर आहे ते, आणि तो मोठा आकडा म्हणजे टाकीत पाणी किती आहे ते. तुम्ही क्षणभर विचार केलात. "म्हणजे ही मोठी टाकी आहे, पण अंगणात ठेवलेली. वरच्या मजल्यावर नळाला पाणी कसं येणार?" इतकं सोपं करून मला वर्गात कधी सांगता आलं नव्हतं.

बॅटरीच्या दुकानात आपण गेलो त्या दिवशी मला थोडी लाज वाटत होती. तिथे सगळे इन्व्हर्टर आणि ई-रिक्षावाले. तुम्हाला काही नाही. तुम्ही काउंटरवर हात ठेवून सरळ विचारलंत, "भैया, दूरबीन के लिए बैटरी चाहिए." दुकानदार आधी हसला, मग त्याला रस आला. त्यानं नमुन्याच्या बॅटऱ्या एकेक काढून ठेवल्या. शिशाची बंद डब्यातली, कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये असते ती. जड. अर्ध्यापेक्षा जास्त वापरायची नाही, नाहीतर लवकर खराब होते. आणि वापरता वापरता तिचा जोर हळूहळू उतरत जातो, मग मोटर अडखळते. दुसरी लिथियमची, निळ्या वेष्टनातली, विटेएवढी, उचलायला एकदम हलकी. "ये आख़िर तक एक जैसी चलेगी. फिर सीधे बंद," दुकानदार म्हणाला.

"हे बरं," तुम्ही म्हणालात. "कण्हत-कुथत चालण्यापेक्षा."

तिसरी त्यानं शेवटी काढली आणि तिथेच आपलं बिनसलं. ती बॅटरी म्हणजे छोटी पेटीच होती. पुढे पडदा, त्यावर आकडे, चार प्रकारची सॉकेटं, साधा प्लगसुद्धा बसेल असं एक, आणि उचलायला दोन्ही बाजूंना दोन कान. तुमचे डोळे चमकले. ही तर अख्खं घर चालवेल!

मी सांगत होते की आपल्याला घर चालवायचं नाही, टेलिस्कोप चालवायचा आहे. आधी तो किती वीज खातो ते मोजू. तिथूनच आपण मीटर घेतला आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी आमच्या बैठकीत टेलिस्कोप पंख्याकडे तोंड करून उभा केला. दुकानदारानं चार तास वापरायला दिलेली शिशाची बॅटरी, मधे मीटर, मी बटणं दाबतेय आणि तुम्ही चष्मा वर करून आकडे वाचताय. "शून्य पॉइंट चार. शून्य पॉइंट चार. वळवा आता. अरे वा, एक पॉइंट तीन! थांबला... परत शून्य पॉइंट चार." तुमचा आवाज क्रिकेटची कॉमेंटरी करावी तसा चढत होता. म्हणजे जोरात वळताना जास्त खातो, पण एकदा तारा धरला की अगदी मिताहारी. मी कागदावर हिशेब मांडला: छोटी निळी बॅटरीसुद्धा रात्रभर पुरून उरेल.

"टेलिस्कोपला पुरेल," तुम्ही म्हणालात. "आणि आपल्याला?"

"आपल्याला काय?"

तेव्हा तुम्ही मनातलं सांगितलंत. इथे गच्चीवरून रस्त्याचे दिवे, कारखान्याचा उजेड, काही धड दिसत नाही. तुमच्या ऑफिसातल्या जुन्या मैत्रिणीचं मंडीदीपच्या पलीकडे शेत आहे. कारखान्यांचे दिवे मागे टाकून पुढे गेलं की अंधार. तिथे जायचं. चटई टाकायची, चहाची इलेक्ट्रिक किटली न्यायची, दिवा, गरम पाण्याची पिशवी चार्ज करायची, आणि देवयानी बघायची. माहितीपुस्तकात तुम्ही वाचलं होतं, देवयानी म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी, इतकी लांब की तिचा उजेड माणूस जन्मायच्या आधी निघालेला. "नाव तर कसं घरच्या मुलीसारखं आहे. भेटून तर येऊ."

"त्यासाठी किटली कशाला? थर्मास नेऊ."

"थर्मासचा चहा बेकार असतो."

"ती पेटी उचलणार कोण?"

"दोन कान आहेत ना? एक तुम्ही धरा, एक मी."

"आणि हलकी घेतली तर कोणीच नको. एका हातात येते."

यावर तुम्ही जे म्हणालात ते मला शब्दन् शब्द आठवतं. "विहीणबाई, बॅटरी छोटी घ्यायची म्हणजे निघायच्या आधीच ठरवायचं की आपण लवकर परत येणार."

मला राग आला. कारण हिशेब माझा बरोबर होता आणि बोलणं तुमचं. पुढचे कितीतरी दिवस आपण भांडलो. भाजी घेताना, देवळाच्या पायरीवर चपला घालताना. तुम्ही फार चिडलात की हिंदीत जायचात. "आप तो रहने दो, विहीणबाई, आपसे नहीं होगा." आणि दुसऱ्या दिवशी दारात हजर, हातात मेथीचे ठेपले, की मी रात्रभर विचार केला, तुमचं वजनाचं म्हणणं बरोबर आहे, पण. त्या 'पण'ची मी वाट बघायला लागले होते. माझं माहेर पुण्यात, नोकरी इथे, नवऱ्याची माणसं नागपूरला. भांडून दुसऱ्या दिवशी परत येईल असं माणूस मला या गावात नव्हतं. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. असं कोणी कोणाला सांगतं का? सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतंत, "तब्येत तर ठीक आहे ना?"

त्या गुरुवारी तुम्ही दुपारी जेवलात, आडव्या झालात आणि उठला नाहीत. मला बोलवायला तुमच्या शेजारच्या बाई आल्या. तुमच्या उशाशी टेलिस्कोपचं ते माहितीपुस्तक होतं. त्यात खुणेला बसचं तिकीट घातलेलं. मी ते तसंच राहू दिलं.

निखिल आणि मुग्धा आले. सगळं रीतीप्रमाणे झालं. निखिल परत गेला, मुग्धा तुमचं घर आवरायला थांबली. रोज ती सकाळी जाते, एखादं कपाट उघडते, आणि काही न आवरता संध्याकाळी आमच्याकडे येते. ती फार बोलत नाही. मीही तिला काय बोलणार? सासू म्हणून बोलायची मला सवय आहे. या कामाला ती उपयोगाची नाही.

इथवर लिहून मी थांबले होते. मधे काही दिवस गेले. त्या दिवसांत काय झालं ते आता सांगते.

फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मुग्धाला घेऊन दुकानात गेले. दुकानदारानं आमच्या मागे पाहिलं, तुम्ही येताय का म्हणून. तेव्हा मी सांगितलं. तो काउंटरमागून बाहेर आला, आम्हाला स्टुलं दिली, पाणी दिलं. मग म्हणाला, "वो तो अकेली भी आई थीं, मैडम. पिछले महीने."

मी चकित झाले. मला न सांगता?

तो म्हणाला, तुम्ही आलात, दोन्ही बॅटऱ्या समोर ठेवायला लावल्यात. आधी पेटी दोन्ही हातांनी उचलून पाहिलीत आणि खाली ठेवलीत. मग निळी एका हातात घेतलीत आणि दुकानाच्या दारापर्यंत चालत जाऊन परत आलात. मग विचारलंत, "एक अकेली औरत ले जा सकती है ना इसको?" तो म्हणाला, आराम से. मग तुम्ही म्हणालात, राहू दे, विहीणबाईंना विचारून सांगते. आणि निघून गेलात.

शैलाताई, तेव्हापासून मी हाच विचार करते आहे. ती एकटी बाई कोण? तुम्हाला दम लागत होता का? जिने चढताना तुम्ही मधल्या वळणावर थांबून मला काहीतरी विचारायचात, तेव्हा ते खरंच कुतूहल होतं की श्वास घ्यायचा बहाणा? की ती एकटी बाई मी? तुम्हाला काही जाणवलं होतं, आणि तुमच्यामागे मी पेटीचा एक कान धरून उभी राहीन हे तुम्हाला दिसलं? की फक्त एवढंच, की माझं म्हणणं तुम्हाला पटलं होतं आणि ते माझ्यासमोर कबूल करण्यापेक्षा तुम्ही गुपचूप खात्री करून घेतलीत? हे शेवटचं तुमच्या स्वभावाला सगळ्यात शोभतं.

घरी येताना मी हे मुग्धाला बोलून दाखवलं. ती इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. "आई, तुम्ही उगीच इतका विचार करताय. मम्मी प्रत्येक गोष्ट उचलून बघायची. कलिंगडसुद्धा. दुकानात सूटकेस बघायला गेलो की ती हातात घेऊन अख्ख्या दुकानाला चक्कर मारायची. मला इतकी लाज वाटायची!" आणि हसता हसता रडायला लागली. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून ती रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. मांडीवर निळी बॅटरी होती.

हो, निळी घेतली. कोणासाठी उचलून पाहिलीत ते कळलं नाही, पण जी बॅटरी हातात घेऊन तुम्ही चालून आलात तीच घ्यावी असं वाटलं. हिशेबाच्या जोरावर घेतली असती तर मला जिंकल्यासारखं वाटलं असतं, आणि आता कोणाविरुद्ध जिंकायचं?

पण घेतल्यावर ती गच्चीवरच वापरायला मन होईना. लवकर परत येणार असं निघायच्या आधीच ठरवायचं, हे तुमचं वाक्य कानात होतं. शनिवारी मी मुग्धाला म्हटलं, मंडीदीपच्या पलीकडे जाऊ या. तुमच्या मैत्रिणीला मुग्धानंच फोन केला. हे म्हणाले, थंडी आहे, अंधार आहे, मीही येतो. मी म्हटलं, तुम्ही घरी बसा, ही दोन बायकांची बॅटरी आहे.

दुपार कलता कलता निघालो. कारखाने गेले, ट्रकांच्या रांगा गेल्या, आणि मग एकदम दोन्ही बाजूंना गहू. शेतात पोचलो तेव्हा सूर्य नुकताच बुडाला होता. मुग्धानं टेलिस्कोपचे पाय रोवले, मी बॅटरी पायाला पट्ट्यानं बांधली. वायर जोडण्याआधी मीटर लावून पाहिला, लाल कुठे, काळी कुठे. उलट जोडली तर यंत्र जळतं, हे आपण दोघींनी एकमेकींना इतक्यांदा बजावलं होतं की आता कोणी बजावणारं नसताना मी ते स्वतःलाच मोठ्यानं बजावलं. मीटरवर तेरा पॉइंट दोन आलं. मग जोडली. रिमोटचा दिवा लागला, आणि मंद झाला नाही.

मोटर अशी शांत वळली की मुग्धा म्हणाली, बिघडली तर नाही ना? आधी शनी दाखवला. मग थर्मासमधला चहा घेतला. तुमचं बरोबर होतं, बेकार होता. आम्ही दोघींनी तो तोंड वाकडं करत संपवला आणि मुग्धा म्हणाली, "मम्मीनं ती किटली मागच्याच वर्षी घेतली होती. एकदाही वापरली नाही." पुढच्या वेळी शेतावरच्या घरात विजेचं सॉकेट आहे का विचारू, असं ठरलं. पुढच्या वेळी हे शब्द आम्ही दोघींनी सहज वापरले.

पूर्ण काळोख झाल्यावर देवयानी लावली. टेलिस्कोप जवळजवळ डोक्यावर वळला. मी डोळा लावला. काही दिसेना. मग दिसलं. शैलाताई, फार काही नाही. अंधारावर ओलं बोट फिरवल्यासारखा एक पुसट डाग, मधे जरा दाट. तुम्ही नक्की म्हणाला असतात, "बस? इतकंच?" आणि मग अर्धा तास बाजूला झाला नसतात. मी बराच वेळ पाहत राहिले. मोटर कुठेतरी खाली, अगदी हळू, चालू होती आणि तो डाग जागचा हलत नव्हता.

मग मुग्धा बसली. तिला दिसेना. मी सांगितलं, सरळ बघू नकोस, जरा कडेला बघ, मग उमटेल. तिनं उजवा डोळा लावला, डावा लावला, पुन्हा उजवा. चष्मा काढला, घातला. मी रिमोट धरून शेजारी उभी होते. तशीच डोळा लावून, मान न हलवता तिनं विचारलं,

"आई, मम्मी कुठल्या डोळ्यानं बघायची?"

टेलिस्कोप किती वीज खातो ते मला माहीत आहे. तुम्ही दर वेळी आधी पदर खोचायचात, मग मान तिरकी करायचात, आणि दिसलं की तुमचा डावा हात हवेत वर यायचा, थांबा, थांबा, असा. ते सगळं मला दिसतंय. पण तुमचा चेहरा नेहमी अंधारात असायचा, आणि मी तुमच्याकडे नाही, वर बघत असायचे.

"माहीत नाही गं," मी म्हटलं.

तिनं मान हलवली, डावा डोळा मिटला आणि पुन्हा उजवा लावला. थोड्या वेळानं तिचा श्वास अडकल्यासारखा आवाज आला. "दिसली," ती म्हणाली.

कुठल्या डोळ्यानं बघायचात हो, शैलाताई?